तेविसावी पायरी

ही गोष्ट कोणाला सांगितली तर त्याचा विश्वास बसणार नाही. बसू नये, असंच तात्यांनाही मनापासून वाटत होतं. विश्वास बसणार नाही अशा गोष्टी सांगण्यात त्यांची निम्मी हयात गेली होती आणि त्यात कोणाचं काही बिघडलं नव्हतं. पण एका भल्या माणसाने त्यांतल्या एकीवर विश्वास ठेवला, आणि मग जे झालं ते असं झालं.

तात्या लिफ्ट दुरुस्त करायचे. देश सोडून त्यांना सत्तावीस वर्षं झाली होती. आठवड्याचे सहा दिवस ते दहा-दहा मजली इमारतींच्या पोटात, लिफ्टच्या काळोख्या बोगद्यात पट्ट्याने लोंबकळत ग्रीस चोपडायचे. सातव्या दिवशी माणसाने निदान जमिनीवर तरी बसावं, पण तात्या त्या दिवशी डोंगरावर लोंबकळायला जायचे. एकटे नव्हे, टोळी होती चौघांची. एक पावशेठ. बेकरीत रात्रपाळीला पाव करणारा, पंचेचाळिशीचा, हाताने राक्षस आणि मनाने लहान मूल. दुसरी त्याची बायको, म्हणजे वहिनी. त्या ड्रायक्लीनरच्या दुकानात मागच्या खोलीत मशीनवर बसून लोकांच्या पँटी आखूड करायच्या, आणि टोळीचे तंबू, पिशव्या, फाटलेले हातमोजे फुकटात शिवून द्यायच्या. तिसरी दातवाली. दातांच्या दवाखान्यात डॉक्टरच्या हातात अवजारं देणारी, अविवाहित, जिभेने धारदार. व्हॅन तिची, प्रथमोपचाराची पेटीही तिचीच.

परदेशात माणसाला मामा-मावश्या नसतात. आजारपणात डबा आणायला कोणी नसतं, की रुसायला हक्काचं माणूस नसतं. ती सगळी नाती या चौघांनी डोंगरावर जमवली होती. नऊ वर्षं एक रविवार चुकला नव्हता. तळ्यात पोहले, बर्फात तंबू ठोकले, भाड्याच्या होडीतून दोनदा बुडता बुडता वाचले. आणि दर वेळी शेवट एकाच जागी व्हायचा. डोंगराच्या पायथ्याला, गाड्या लावतात तिथे, दगडी भिंतींची एक खोली होती. आत लाकडाची शेगडी, एक लांब टेबल, आणि बाहेर एक नळ, ज्याचं पाणी इतकं गार असायचं की दोन कप घासले की बोटं आपली आहेत की शेजाऱ्याची हे कळायचं नाही.

त्या नळामुळेच टोळीचा नियम झाला होता. जो गोष्ट सांगेल त्याने भांडी घासायची नाहीत. आणि गोष्ट चालू असताना जो मधेच 'खोटं' म्हणेल, त्याने सगळ्यांची घासायची. नियम पावशेठने काढला, कारण त्याला गोष्टी आवडायच्या. फायदा तात्यांनी घेतला, कारण त्यांना भांडी आवडायची नाहीत. पहिल्या वर्षी दातवालीने तेरा वेळा 'खोटं' म्हटलं आणि तेरा वेळा कप घासले. मग तिने तोंडाला कुलूप लावलं. पावशेठला तर शंकाच यायची नाही. आणि वहिनी कडेला बसून दोन टाके घालत ऐकायच्या. नऊ वर्षांत त्यांच्या तोंडून तो शब्द एकदाही निघाला नव्हता.

सगळ्या गोष्टींत पावशेठची लाडकी होती शिडीची. डोंगराच्या मागच्या अंगाला एक बंद पडलेली दगडखाण होती. तारेचं कुंपण, वर 'आत जाऊ नये' अशी पाटी. सात वर्षांपूर्वी तात्या एकदा धुक्यात टोळीपासून चुकले आणि चार तास उशिरा खोलीवर पोचले. तोवर तिघांचे जीव टांगणीला लागले होते. दातवाली तर बोलायचीच बंद झाली होती. तेव्हा तात्यांनी चहाचा कप हातात घेतला आणि म्हणाले, आता हे सांगितलं तर विश्वास बसायचा नाही. खाणीच्या कड्याला म्हणे जुन्या खाणकामगारांनी ठोकलेली लोखंडी शिडी आहे. एकेचाळीस पायऱ्यांची, आणि तिच्या पायथ्यापासून खोली अगदी जवळ. ते तिच्यावरून उतरले, हातभर अंतरावरचंही दिसत नसताना. आणि मधली एक पायरी गंजून गळून पडली आहे, तिथे त्यांचा पाय हवेत गेला.

"कितवी?" पावशेठने श्वास रोखून विचारलं होतं.

"तेविसावी," तात्या म्हणाले. आकडा कुठून आला देव जाणे. पण पुढच्या सात वर्षांत तो आकडा कधी बदलला नाही. खोटं बोलणाऱ्याची स्मरणशक्ती खऱ्या माणसापेक्षा बरी असावी लागते.

खरं काय झालं होतं, ते तात्यांखेरीज कोणालाच ठाऊक नव्हतं. ते चार तास त्यांनी एका खडकाच्या आडोशाला बसून काढले होते. बिस्किटांचा एक पुडा संपवत, भीतीने दातावर दात आपटत. धुकं विरलं तसे ते नेहमीच्या वाटेने खाली आले. खाण त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिली होती, आणि तीही तारेवरून वाकून. खाली सरळ तासलेला कडा. त्यांनी एक दगड टाकला होता, चारपर्यंत मोजलं होतं, आणि पाचाला आवाज आला नव्हता म्हणून मागे सरकले होते. शिडी नव्हती. शिडी लावायला जागासुद्धा नव्हती.

त्या रविवारी सकाळी वहिनींचा गुडघा सुजला होता. व्हॅनमधून उतरतानाच त्यांनी ओठ दाबले. तुम्ही जाऊन या, मी इथेच बसते, म्हणाल्या. शिवणाची पिशवी सोबत होतीच. शेगडी पेटवून देईपर्यंत ऊन चांगलं पडलं होतं, म्हणून पावशेठने जॅकेट अंगात न घालता पाठीवरच्या पिशवीला अडकवलं. वहिनी दारातून म्हणाल्या की वर वारा असेल, घालाल तेव्हा पुढच्या नाड्या नीट बांधा. पावशेठ हो हो म्हणाला. तात्या तेव्हा थर्मासमध्ये चहा ओतत होते. एक थेंब सांडू नये याकडेच त्यांचं सगळं लक्ष होतं.

एक वाजता तात्या आणि पावशेठ वरच्या फाट्यावर होते. इथून डावीकडे तळ्याची नेहमीची वाट, दोन तासांची. उजवीकडे तार आणि पाटी. दातवाली बाटल्या भरायला तळ्याकडे पुढे गेली होती. खालच्या दरीतून धुकं चढायला लागलं होतं. घाई नसलेल्या माणसासारखं, एकेक झाड गिळत. पावशेठने पाव काढायला पिशवीत हात घातला आणि त्याचा चेहरा पडला.

"अरेच्चा. तिच्या गोळ्या माझ्याकडेच राहिल्या."

दुखण्याच्या गोळ्यांची पट्टी हातात घेऊन तो थोडा वेळ नुसता उभा राहिला. खाली ती एकटी बसली असेल, सकाळपासून कळा सोसत. बोलणारही नाही कोणाला. मग त्याने उजवीकडे पाहिलं. आणि तात्यांना कळलं की आता तो काय म्हणणार आहे. लिफ्टचा दोर तुटण्याआधी एक बारीक टिचकीसारखा आवाज होतो, तो त्यांनी नोकरीत दोनदा ऐकला होता. तसंच काहीतरी त्यांच्या छातीत वाजलं.

"तात्या, तुमच्या शिडीने गेलो तर अर्ध्या तासात खाली ना?"

हीच ती वेळ होती. एवढंच म्हणायचं होतं की, अरे येड्या, शिडी नाहीये, मी थापा मारतो, सगळ्या जगाला माहीत आहे. तो हसला असता. खांद्यावर एक थाप मारली असती. पण तो ज्या नजरेने बघत होता, त्या नजरेने तात्यांकडे दुसरं कोणी बघत नव्हतं. मालक नाही, लिफ्टमध्ये अडकलेले भाडेकरू नाहीत, फोनवर दोन मिनिटांत कंटाळणारा भाऊ नाही. परक्या मुलखात सत्तावीस वर्षं काढून त्यांनी जमवलेली एकच मिळकत होती, आणि ती त्या नजरेत होती.

"धुकं येतंय," तात्या म्हणाले. "तळ्याने जाऊ."

"तुम्ही तर धुक्यातच उतरला होतात," पावशेठ म्हणाला. पिशवी पाठीला लावून त्याने पट्टे आवळले. "तेविसावी नाही, लक्षात आहे माझ्या. घरी जिन्यावर मोजून मोजून पाठ केलंय. ती हसते मला."

तात्यांनी तोंड उघडलं. बाहेर जे आलं ते त्यांनी स्वतःच नवल करत ऐकलं.

"वरून मोजलीस तर तेविसावी."

"वरूनच मोजणार ना, उतरायचंय तर." पावशेठ हसला, तारेखालून वाकून पलीकडे गेला, आणि वहिनींसाठी घाईने निघालेल्या त्या मोठ्या पाठीवर धुक्याने पडदा ओढला.

तात्या तिथेच थांबले. तो कड्याशी जाईल, शिडी शोधेल, सापडणार नाही, शिव्या देत परत येईल. येईल आणि म्हणेल, काय हो तात्या. दहा मिनिटं गेली. पंधरा गेली. हाका मारल्या, तर आवाज कापसात रुतल्यासारखा जागच्या जागी बसला. मग पलीकडे कुठेतरी एक दगड गडगडला, त्याच्यामागे आणखी दोन, आणि पुन्हा सगळं गप्प झालं. तात्या तारेपर्यंत गेले. तारेला हात लावला. पलीकडे मात्र गेले नाहीत. जनावर असेल, असं ते स्वतःलाच मोठ्याने म्हणाले आणि तळ्याच्या वाटेला लागले. चालताना आपण पावलं मोजतोय हे त्यांच्या ध्यानात आलं. बावीसला ते थांबले आणि पुढचं पाऊल लांब टाकलं.

तळ्याशी दातवाली भरलेल्या बाटल्या घेऊन बसली होती. पावशेठ कुठे आहे, तिने विचारलं. तात्या म्हणाले, गोळ्या द्यायच्या म्हणून घाईने पुढे गेला. दातवाली म्हणाली की ती तर इथेच बसली आहे, तिच्यासमोरून कोणी गेलं नाही. तात्या म्हणाले, धुकं आहे. तिने त्यांच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. पण बोलली नाही. तेरा वेळा कप घासलेले असले की माणसाला गप्प बसायची सवय लागते.

साडेतीनला ते खोलीवर पोचले. वहिनी बाकावर पाय लांब करून बसल्या होत्या, मांडीवर तात्यांचाच एक फाटका मोजा. टेबलावर चार कप पालथे घालून ठेवलेले, आधण उकळून उकळून निम्मं झालेलं. दोघंच आत आल्यावर त्यांनी दाराकडे पाहिलं. तिसरा मागून येईल तेवढा वेळ पाहिलं.

"हे कुठायत?"

"तो तर पुढे आला ना?" दातवाली म्हणाली.

दातवाली व्हॅन घेऊन फोन लागेल तिथवर गेली. तेवढा अर्धा तास तात्या आणि वहिनी खोलीत एकटे होते. तात्यांनी शेगडीत लाकूड घातलं, काढलं, परत घातलं. सांगायचं तर आत्ताच, असं ते दर लाकडाला ठरवत होते. पण वहिनी काही विचारत नव्हत्या. विचारलं असतं तर सोपं झालं असतं. त्या नुसत्या टाके घालत होत्या, आणि मधेच त्यांनी सांगितलं की आठवडाभर घरी काय चाललंय, हे जिना उतरताना आकडे म्हणतात आणि तेविसाव्या पायरीवरून उडी मारतात, खालच्या मजल्यावरच्या बाईने तक्रार केली. त्या जरा हसल्या. तात्याही हसले. त्यांचा हसण्याचा आवाज भिंतीवर आपटून त्यांच्याकडेच परत आला.

चार वाजून गेल्यावर शोधपथक आलं. दोन गाड्या, सहा माणसं, कमरेला दोर, डोक्याला टोप. त्यांची प्रमुख म्हणजे रुंद खांद्यांची एक बाई होती, बोलणं मोजकं. तिने कप बाजूला सारून टेबलावर नकाशा पसरला. तात्या-वहिनींना तिथली भाषा कामापुरतीच येत होती, म्हणून दातवालीने तिचं बोलणं मराठीत सांगितलं. उजेड आहे दीड तास. धुकं वाढतंय आणि पारा उतरतोय. माणसं सहाच आहेत, तेव्हा एकच बाजू धुंडाळता येईल, दुसरी उद्या सकाळी. तळ्याची बाजू की खाणीची?

"ती म्हणते, उद्या सकाळपर्यंत उघड्यावर कोणी टिकत नाही," दातवाली म्हणाली. "म्हणून नीट आठवून सांगा. शेवटचं त्याला कुठे पाहिलंत? खाणीकडे तर नाही ना गेला?"

सगळे तात्यांकडे बघत होते. सहा टोप, दातवाली, आणि मांडीवरचा मोजा बाजूला न ठेवता वहिनी. तात्यांना इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर दार उघडावं आणि आत लिफ्ट नसावी तसं वाटलं. खाण म्हटलं, की पुढचा प्रश्न येणार, तिकडे कशाला गेला. त्याचं उत्तर एकच होतं, आणि ते ऐकायला त्याची बायको समोर बसली होती. शिवाय तो कड्यावरून मागे फिरला असेल. फिरलाच असेल. धुक्यात वाट चुकून तळ्याकडेच उतरला असेल. असं झालं असणं किती शक्य आहे, हे तात्यांना एकाएकी डोळ्यांपुढे दिसायला लागलं, आणि जे डोळ्यांपुढे दिसतं ते तात्यांच्या जिभेवर यायला वेळ लागत नसे.

"आता हे सांगितलं तर तुमचा विश्वास बसायचा नाही," ते म्हणाले. "पण मी त्याला पाहिला."

आणि सुरुवात झाली. दातवाली वाक्यावाक्याला त्या बाईला सांगत होती. तात्यांच्या चार ओळींचे तिच्या तोंडी चार शब्द व्हायचे. तळ्याच्या वरच्या अंगाला धुकं क्षणभर फाटलं, तात्या सांगत होते, खिडकीसारखं फाटलं. आणि त्या खिडकीत पावशेठ. शंभर पावलांवर, पाठमोरा, काठाकाठाने उत्तरेला चाललेला. हाक मारली तर त्याने वळून हात केला, असा. बाईने पेन्सिलीने तळ्याच्या उत्तरेला एक गोल काढला. मागचा एक माणूस टोपाचा पट्टा लावू लागला. तात्यांचा आवाज स्थिरावला. आता त्यांना सगळं दिसत होतं, काठावरचं गवत, पाण्यावरची वाफ. दारातल्या एकाने गाडीतून दोर काढायला सांगितलं. बाईने नकाशाची एक घडी घातली.

"आणि वारा सुटला," तात्या म्हणाले, "तसं त्याने जॅकेट काढलं पिशवीवरून, अंगात घातलं, आणि चेन ओढली गळ्यापर्यंत. धुक्यात आवाज जवळ येतो ना. शंभर पावलांवरून मला ऐकू आली ती चेन. झर्र करून."

वहिनींची सुई थांबली.

दातवाली तेही वाक्य सांगू लागली होती. वहिनींनी हात वर करून तिला थांबवलं. मोजा बाकावर ठेवला आणि सुजलेल्या गुडघ्यावर भार देत, टेबलाला धरून त्या उभ्या राहिल्या. पालथे चार कप त्यांनी एकेक करून आपल्याकडे ओढून घेतले. नळावर न्यायच्या वेळी ओढतात तसे.

"खोटं," त्या म्हणाल्या.



"ह्यांच्या जॅकेटला चेन नाहीये, तात्या. गुरुवारी मीच उसवली. नवी मिळाली नाही म्हणून पुढून नाड्या लावून दिल्यात." त्यांचा आवाज चढला नव्हता. "कप मी घासते. तुम्ही फक्त एवढं सांगा, तिथे शिडी आहे का?"